मूकपटातील गतीचे गचके : दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांच्या समीक्षेतील एक पाठचिकित्सात्मक प्रश्न

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटापासून सांगण्याची प्रथा आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा मूकपट लोकांसमोर आला. आज साहित्य आणि चित्रपट यांचा परस्परसंबंध अभ्यासताना, माध्यमांतराचा विचार करताना किंवा जनसंज्ञापनाच्या वर्गात या मूकपटाची उपलब्ध दृश्ये दाखविली जातात. दृश्ये पाहून उमटणारी प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते. राजा, राणी, ऋषी ही सर्व पात्रे घाईघाईने, अडखळत, कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालताना दिसतात आणि करुणरसप्रधान कथेच्या ठिकाणी हास्य निर्माण होते. त्यानंतर 'बाल्यावस्थेतील तंत्र', 'यांत्रिक अभिनय', 'नाटकी हालचाली' असे शेरे दिले जातात व पुढील विषयाकडे वळले जाते.

हे शेरे ज्या हालचालींवर आधारलेले आहेत, त्या हालचाली फाळके यांच्या आहेत काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. पडद्यावर दिसणारी गती ही चित्रण, मुद्रित प्रत, रूपांतर आणि प्रक्षेपण अशा अनेक टप्प्यांतून आलेली असते. प्रत्येक टप्प्यावर तिच्यात काही भर पडते, काही गळते. आज दिसणाऱ्या अडखळीचा मोठा भाग दिग्दर्शकाचा अथवा नटांचा नसून नंतरच्या यंत्रांनी घातलेला आहे, आणि तो वेगळा केल्याखेरीज मूकपटाच्या अभिनयाविषयी व रचनेविषयी केलेले कोणतेही मूल्यमापन विश्वसनीय ठरत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या कामासाठी मराठी अभ्यासकाला नवे शास्त्र शोधावे लागत नाही. प्राचीन ग्रंथांच्या संपादनात रूढ असलेली पाठचिकित्सेची शिस्त येथे उपयोगी पडते.

१. गचक्याचे स्वरूप

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका होय. या प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. फ्रेम ठरावीक अंतराने बदलत राहिल्या की डोळ्यांना सलग हालचालीचा भास होतो. पडद्यावर एखादी व्यक्ती डावीकडून उजवीकडे चालत असेल, तर प्रेक्षकाचे डोळे तिच्या मागोमाग एकसारख्या वेगाने सरकतात. पुढच्या क्षणी ती व्यक्ती कोठे असेल याचा अंदाज डोळे आधीच घेतात. प्रत्येक फ्रेम समान काळ पडद्यावर राहिली, तर हा अंदाज जुळतो. एक फ्रेम अधिक काळ आणि दुसरी कमी काळ राहिली, तर डोळे पुढे सरकतात पण चित्र मागे रेंगाळते, आणि नंतर एकदम उडी घेते. खडबडीत वाटेवरील बैलगाडीप्रमाणे गती तुटक होते. हाच गतीचा गचका होय.

गचका आणि पडद्यावरील इतर दोष यांत फरक करणे आवश्यक आहे. प्रकाशाची उघडझाप जाणवणे ही लुकलुक होय. ती टाळण्यासाठी प्रक्षेपकात फिरती झडप असते. दर सेकंदाला १६ फ्रेम दाखविताना तीन पात्यांची झडप वापरली की प्रकाश ४८ वेळा उघडझाप करतो, आणि २४ फ्रेमच्या बाबतीत दोन पात्यांची झडप तेच काम करते. सबंध चित्र वरखाली किंवा डावीउजवीकडे थरथरणे हा तिसरा दोष होय. त्याला चित्रपटगृहांच्या बोलीत चित्र नाचणे म्हणतात. फिल्मच्या कडेची छिद्रे झिजणे, जुनी फिल्म आकसणे, प्रक्षेपकाचे दात घासले जाणे ही त्याची कारणे. चौथा दोष म्हणजे गतीच बदलणे, हालचाल मुळापेक्षा जलद किंवा मंद होणे. प्रेक्षक या चारही दोषांना 'जुना चित्रपट असाच असतो' या एकाच वाक्यात गुंडाळतो. समीक्षकाने तसे करून चालणार नाही, कारण प्रत्येक दोषाचा कर्ता निराळा आहे.

२. हाताने फिरविलेला काळ

फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले. कॅमेरा हाताने फिरवावयाचा होता. त्या काळातील बहुतेक कॅमेऱ्यांत मुठीच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे दिले की १६ फ्रेम होत. परंतु मूठ फिरविणारा हात हा माणसाचा हात होता. 'राजा हरिश्चंद्र'चे छायाचित्रण त्र्यंबक तेलंग यांनी केले. अशा पद्धतीत प्रसंगानुसार, प्रकाशानुसार, कधी थकव्यानुसारही वेगात थोडा फरक पडणे स्वाभाविक होते. कोरी फिल्म छिद्रांविना येई आणि सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून तिला छिद्रे पाडत. हाताने पाडलेल्या छिद्रांतील सूक्ष्म विषमता चित्र नाचण्यास कारणीभूत होऊ शकते. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच स्वतः घडविला. तात्पर्य, मूळ चित्रणातही काही अस्थैर्य होते हे मान्य केले पाहिजे. ते त्या निर्मितीच्या परिस्थितीचे अंगभूत चिन्ह आहे, आणि ते पुसून टाकण्याची गरज नाही.

मात्र हे मूळचे अस्थैर्य आणि आज दिसणारी घाई यांचे प्रमाण फार भिन्न आहे. ते एका साध्या हिशेबाने सिद्ध करता येते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. म्हणून सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने एक फूट फिल्म एका सेकंदात संपते. 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ लांबी ३७०० फूट अशी नोंदविली गेली आहे. १६ फ्रेमच्या वेगाने हा मूकपट ६१ मिनिटे ४० सेकंद चालेल, २० फ्रेमच्या वेगाने ४९ मिनिटे २० सेकंद, आणि २४ फ्रेमच्या वेगाने सुमारे ४१ मिनिटे. संदर्भपर लेखनात या मूकपटाचा कालावधी अनेक ठिकाणी ४० मिनिटे असा दिला जातो. लांबीचा आकडा आणि कालावधीचा आकडा शेजारी ठेवले की हा कालावधी बोलपटाच्या वेगाशी जुळतो हे ध्यानात येते. दर सेकंदाला २४ फ्रेम हा वेग बोलपटांबरोबर १९२० च्या दशकाच्या अखेरीस प्रमाण ठरला, कारण फिल्मच्या कडेला मुद्रित झालेला ध्वनी एकसारख्या वेगाशिवाय शुद्ध ऐकू येत नाही. १९१३ च्या कृतीला नंतरच्या काळाचे घड्याळ लावले गेले आणि तोच तिचा कालावधी म्हणून उद्धृत होत राहिला.

१६ फ्रेमच्या वेगाने चित्रित झालेले दृश्य २४ फ्रेमच्या वेगाने दाखविले तर गती दीडपट होते. मिनिटाचे काम चाळीस सेकंदांत उरकते. दीडपट वेगाने चालणारा राजा राजासारखा दिसणार नाही, हे सांगण्यास चित्रपटशास्त्राची आवश्यकता नाही.

काळ लांबविता वा आखडता येतो याची जाण फाळके यांना नव्हती असेही म्हणता येत नाही. 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला होता. कुंडीतील रोपाचे ठरावीक अंतराने चित्रण करून अनेक दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. चित्रणाचा काळ आणि प्रदर्शनाचा काळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे तत्त्व ज्याने आपल्या पहिल्या प्रयोगातच हाताळले, त्याच्या पौराणिक पात्रांची धावपळ अजाणतेपणी झाली असे मानण्यापूर्वी अन्य कारणांचा शोध घेणे न्यायाचे ठरते.

३. द्विरुक्ती, लोप आणि प्रक्षेप

हस्तलिखित ग्रंथांची नक्कल करताना लेखनिकाकडून होणारे दोष पाठचिकित्सेने वर्गीकृत केले आहेत. एखादा शब्द वा ओळ दोनदा लिहिली जाणे ही द्विरुक्ती, ओळ गळणे हा लोप, आणि मुळात नसलेला मजकूर घातला जाणे हा प्रक्षेप. संत एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते अशाच दोषांमुळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तीही याच शिस्तीने. चित्रपटाच्या रूपांतरातील दोष याच तीन वर्गांत बसतात, हे लक्षणीय आहे.

प्रथम द्विरुक्ती. मूकपटाची गती दीडपट होऊ नये म्हणून प्रत काढताना काही फ्रेम दोनदा छापण्याची पद्धत रूढ झाली. १६ फ्रेमचे २४ करावयाचे तर प्रत्येक दोन फ्रेमपैकी एक दोनदा छापावी लागते. अशाने एकूण कालावधी योग्य राहतो, पण चाल लंगडी होते. एक फ्रेम दुप्पट काळ थांबते, पुढची निम्म्या काळात निघून जाते. घाई गेली, पण तिच्या जागी गचका आला.

ही प्रत सेकंदाला ६० वेळा ताजे होणाऱ्या पडद्यावर दाखविली की दुसरी द्विरुक्ती पहिलीवर चढते. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम तीन वेळा आणि पुढची दोन वेळा, अशी आळीपाळीने दाखविली जाते. अमेरिकेतील एनटीएससी दूरचित्रवाणीसाठी हीच युक्ती योजली गेली होती. तिच्यामुळे एक फ्रेम ५० मिलिसेकंद आणि दुसरी ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते. आता दुबार छापलेल्या मूकपटाचा हिशेब मांडला तर मूळच्या लागोपाठ चार फ्रेम अनुक्रमे ८३.३, ५०, ८३.३ आणि ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहतात. मुळात प्रत्येकीचा वाटा ६२.५ मिलिसेकंद असा समान होता. चौघींची बेरीज दोन्हीकडे २५० मिलिसेकंदच येते. म्हणजे घड्याळ लावून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसणार नाही, पण डोळ्यांना दर पाव सेकंदाला दोन वेळा ठेच लागेल. पात्रांच्या 'बाहुलीसारख्या' चालीचे एक मोठे कारण येथे सापडते.

लोप हा दुसरा दोष होय. जीर्ण प्रतीतून तुटलेल्या फ्रेम काढून फिल्म पुन्हा जोडली जाते. त्या ठिकाणी हात वर जातो आणि मधला मार्ग न दाखविता एकदम खाली आलेला दिसतो. जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या बाबतीत हा दोष फार आढळतो.

तिसरा दोष प्रक्षेप होय, आणि आज तो सर्वांत आकर्षक रूपात समोर येतो. अलीकडचे दूरचित्रवाणी संच दोन फ्रेमच्या मधील चित्र स्वतः गणिताने तयार करून गती गुळगुळीत करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जुन्या फिल्मचे सेकंदाला ६० फ्रेमचे रूप करण्याचे प्रयोगही झाले आहेत. २०२० मध्ये ल्युमिएर बंधूंच्या आगगाडीच्या दृश्याचे असे रूप जगभर पाहिले गेले. ल्युमिएर बंधूंचीच चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली होती, म्हणून मराठी प्रेक्षकाचाही या इतिहासाशी संबंध आहे. या रूपांत गचका उरत नाही हे खरे. परंतु चार फ्रेमपैकी जवळजवळ तीन कोणी चित्रित केलेल्याच नसतात. सुबोध व्हावी म्हणून जुन्या ओवीत नव्या ओळी घालण्यासारखा हा प्रकार आहे. वाचकाला सोय होते, पण त्या ओळींवरून मूळ कवीची शैली ठरविता येत नाही.

४. दूरदर्शनपासून भ्रमणध्वनीपर्यंत

भारतात दूरदर्शनने सेकंदाला २५ फ्रेमची पाल पद्धत स्वीकारली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या पद्धतीत २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगाने चालविला जातो. प्रत्येक फ्रेम समान काळ राहते, त्यामुळे गचका बसत नाही, परंतु गती सुमारे चार टक्क्यांनी वाढते. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) १३१ मिनिटांचा आहे. या वेगाने तो सुमारे पाच मिनिटे आधी संपेल आणि ध्वनीवर वेगळा संस्कार केला नाही तर विष्णुपंत पागनीस यांचा स्वर एका अर्धस्वराच्या सुमारे सत्तर टक्के इतका चढेल. बोलपटाच्या बाबतीत हा फरक कानाला तरी जाणवू शकतो. मूकपटाला असा साक्षीदार नसतो. २४ च्या वेगाने आधीच दीडपट झालेला मूकपट २५ च्या वेगाने चालला, तर मूळच्या एका मिनिटाचे दृश्य ३८.४ सेकंदांत आटोपते, आणि तक्रार करणारा स्वर तेथे उपस्थित नसतो.

आजचा विद्यार्थी मूकपट पाहतो तो संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर. हे पडदे दीर्घकाळ प्रामुख्याने सेकंदाला ६० वेळा ताजे होणारे राहिले आहेत. भारताची दूरचित्रवाणी ५० च्या पटीत असल्याने जो गचका पूर्वी प्रामुख्याने अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यात दिसत असे, तो आता येथील विद्यार्थ्याच्या तळहातावर आला. दूरदर्शनच्या जमान्यातील फितीवरून संगणकावर घेतलेली २५ फ्रेमची प्रतही या पडद्यावर समान वाटणी मिळवू शकत नाही, कारण ६० ला २५ नेही पूर्ण भाग जात नाही.

पारशिवनी, रामटेक, सावनेर यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही बाब गौण नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. तेथील फिल्म योग्य यंत्रावर पाहण्याची संधी विदर्भातील विद्यार्थ्याला सहसा लाभत नाही. कोणत्या फिल्मवरून, कोणत्या वेगाने, किती वेळा रूपांतरित झाली याची कसलीही नोंद नसलेली प्रत त्याच्या हाती येते. ग्रंथाच्या बाबतीत संपादक, आवृत्ती व वर्ष नोंदविल्याशिवाय अवतरण स्वीकारले जात नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र कोणतीही प्रत ही मूळ कृती म्हणून वर्गात उभी केली जाते. ग्रामीण विद्यार्थ्याचे यात दुहेरी नुकसान होते. त्याला कृती सदोष मिळते आणि त्या सदोष कृतीवरून तिच्या निर्मात्याची पात्रता ठरविण्यास त्याला सांगितले जाते.

५. समीक्षेवर होणारे परिणाम

या विवेचनाचा प्रत्यक्ष समीक्षेशी संबंध कसा पोहोचतो, हे तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

'राजा हरिश्चंद्र'च्या उपलब्ध आरंभी राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी तारामती ते पाहत आहे, असे कौटुंबिक दृश्य येते. दत्तात्रय दाबके यांनी हरिश्चंद्राची, अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली होती. पुढील सर्व दुःखाला या निवांत दृश्याची पार्श्वभूमी आहे. राज्य, पत्नी आणि पुत्र या तिन्ही गोष्टी येथे एकाच चौकटीत आहेत व त्याच पुढे एकेक करून जावयाच्या आहेत. दृश्याचे सामर्थ्य त्याच्या संथपणात आहे. दीडपट वेगाने हा संथपणा नाहीसा होतो आणि उरते ती धनुष्याशी चाललेली झटापट. कॅमेरा बहुतांशी स्थिर असल्याने सर्व अर्थ पात्रांच्या शारीरिक हालचालींतूनच व्यक्त होतो. त्यामुळे गतीतील विकृतीचा परिणाम अशा चित्रपटावर अधिक तीव्र होतो.

दुसरे उदाहरण 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाचे आहे. त्यात फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. आरंभी तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव जवळून दाखविले आहेत. कथा सुरू होण्यापूर्वी नटाच्या मुद्राभिनयाचा असा परिचय करून देणे ही फाळके यांच्या आत्मविश्वासाची खूण होय. एका भावातून दुसऱ्या भावात जाताना चेहरा मधल्या ज्या छटांतून जातो, तेथे या प्रात्यक्षिकाचे मर्म आहे. गचक्यांच्या प्रतीत नेमक्या या मधल्या छटा हरवतात. एक भाव थबकतो व दुसरा एकदम उमटतो. अशा प्रतीवरून बालकलाकाराने तोंडे वेंगाडली आहेत असा निष्कर्ष काढला गेल्यास तो प्रतीचा दोष असतो.

तिसरे उदाहरण चमत्कृतीच्या दृश्यांचे आहे. फाळके जादूचे प्रयोग करीत. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते ओळखले जात. चित्रपटांत देवता प्रकट होणे वा अदृश्य होणे यासाठी त्यांनी कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याची तंत्रे वापरली. कॅमेरा थांबवून केलेल्या बदलाचा परिणाम एका अटीवर अवलंबून असतो. त्या क्षणाच्या आधीची आणि नंतरची गती अखंड असली पाहिजे. सभोवतालचे सर्व सुरळीत चालले असताना एकच गोष्ट अनपेक्षितपणे बदलली, तरच तो चमत्कार वाटतो. जेथे प्रत्येक पाऊलच उडी मारीत आहे, तेथे देवतेचे प्रकट होणे ही आणखी एक उडी ठरते. गचक्यामुळे येथे शैलीचा मुख्य विशेषच अदृश्य होतो.

याच्या जोडीला एक तुलना उद्बोधक आहे. हरिश्चंद्राचीच कथा व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात मांडली. दोन्ही कृतींची तुलना अभ्यासात स्वाभाविकपणे केली जाते आणि शांताराम यांच्या पात्रांत भारदस्तपणा, तर फाळके यांच्या पात्रांत चांचल्य दिसते असा निष्कर्ष निघतो. कलादृष्टीत, तंत्रात व साधनांत दोन दशकांचे अंतर आहेच. परंतु त्या फरकातील किती भाग दिग्दर्शकांचा आणि किती प्रक्षेपणाचा, हे आधी वेगळे केले पाहिजे. बोलपटाची गती त्याच्या ध्वनीने बांधून ठेवली आहे. मूकपटाची गती कोणीही बदलावी अशी मोकळी राहिली. एकाला रक्षक होता, दुसऱ्याला नव्हता. अशी तुलना समान भूमीवर होत नाही.

६. 'मूळ गती' असते काय?

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मूकपटाच्या काळात प्रक्षेपकही अनेकदा हाताने चालविला जाई आणि वेग ठिकठिकाणी बदलत असे. चित्रपटगृहाच्या मालकाला खेळ लवकर संपवावयाचा असेल तर वेग वाढे. मग मूळ म्हणावी अशी एक गती अस्तित्वातच नव्हती, तर तिचा शोध व्यर्थ नव्हे काय? केव्हिन ब्राउनलो यांनी १९८० मध्ये 'साइट अँड साउंड' या नियतकालिकातील लेखात मूकपटांच्या योग्य वेगाचाच प्रश्न उपस्थित केला होता. सर्व मूकपट १६ फ्रेमचेच, ही समजूत चुकीची असून चित्रणाचे व प्रदर्शनाचे वेग पुष्कळदा त्याहून अधिक व एकमेकांहून भिन्न असत, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

हा आक्षेप मान्य केला तरी निष्कर्ष बदलत नाही. प्रस्तुत लेखात १६ हा आकडा हिशेबाचा आधार म्हणून घेतला आहे. फाळके यांचे एखादे दृश्य १८ किंवा २० च्या वेगाचे असू शकेल. महाभारताचा एकमेव मूळ पाठ हाती नाही म्हणून सर्व पाठ सारखेच प्रमाण आहेत, असे सुकथनकर यांच्यासारख्या संपादकांनी मानले नाही. उपलब्ध साक्षींवरून अधिक संभाव्य पाठ निवडणे आणि निवडीची कारणे उघड करणे हेच चिकित्सेचे कार्य होय. चित्रपटातही साक्षी उपलब्ध असतात. माणसाची चाल, पाण्याचे पडणे, वस्त्राची सळसळ, उडी मारलेल्या माणसाचे खाली येणे यांना निसर्गाने वेग नेमून दिला आहे. दृश्यातील पाणी ज्या वेगाने पडल्यासारखे दिसते, त्यावरून त्या दृश्याच्या चित्रणाचा वेग बऱ्याच अंशी अनुमानता येतो.

शिवाय बदलता वेग आणि गचका या भिन्न बाबी आहेत. १९१३ चा प्रेक्षक एखादे दृश्य किंचित जलद वा संथ पाहत असेल, परंतु प्रक्षेपकावर एक फ्रेम ८३ आणि दुसरी ३३ मिलिसेकंद राहणे शक्य नव्हते. हाताने चालणाऱ्या यंत्राची गती चढउताराची असते, पण तो चढउतार हळूहळू होतो. आजचा गचका ही त्या प्रेक्षकाने कधीच न पाहिलेली गोष्ट आहे. म्हणून तिला मूकपटाचे लक्षण मानणे ऐतिहासिकदृष्ट्या असमर्थनीय ठरते.

'राजा हरिश्चंद्र'च्या बाबतीत पाठाचा आणखी एक प्रश्न इतिहासकारांनी मांडला आहे. संग्रहालयात असलेली पहिली व शेवटची रिळे १९१३ च्या मूकपटाची नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या आवृत्तीची असावीत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. प्रत कोणती हा प्रश्न विचारला गेला, ही समाधानाची बाब होय. गती कोणती हा प्रश्नही त्याच तोलाचा आहे.

७. अध्यापन व लेखनासाठी सूचना

या प्रश्नाची उकल महागड्या यंत्रसामग्रीवर अवलंबून नाही. पहिली गोष्ट नोंदीची. मूकपटावर लिहिताना कोणती प्रत, किती कालावधीची, कोणत्या पडद्यावर पाहिली हे नमूद केले जावे. फुटांतील लांबी ज्ञात असेल तर कालावधीवरून वेग काढता येतो. एक हजार फुटांचे रीळ १६ च्या वेगाने १६ मिनिटे ४० सेकंद आणि २४ च्या वेगाने ११ मिनिटांहून थोडे अधिक चालते. इतका भागाकार कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला करता येतो.

दुसरी गोष्ट पडद्याची. फ्रेमच्या संख्येने पडद्याच्या संख्येला पूर्ण भाग गेला की गचका नाहीसा होतो. १२० ला २० आणि २४ ने भाग जातो. १४४ ला १६, १८ आणि २४ या तिन्ही संख्यांनी भाग जातो. असे पडदे आता दुर्मीळ नाहीत. संगणकावर दृश्याचा वेग कमी करण्याची सोय असते, तिचा वापर करून एकच दृश्य दोन वेगांनी दाखविता येते. दीडपट झालेले दृश्य दोन तृतीयांश वेगाने चालविले की मूळ चालीच्या जवळ येते. संचातील गती गुळगुळीत करण्याची सोय मात्र बंद ठेवणे श्रेयस्कर होय.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'यांत्रिक', 'बाहुलीसारखा', 'घाईचा' ही विशेषणे मूकपटातील अभिनयाला लावण्यापूर्वी ती अभिनयाची आहेत की प्रतीची, हे तपासले जावे.

समारोप

मराठी मुलुखात यंत्र आणि चित्रपट यांचे नाते कधीच दूरचे नव्हते. जत्रांमधून तंबू ठोकून चित्रपट दाखविणाऱ्यांच्या जीवनावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट महाराष्ट्रातच चित्रित झाला. त्यात प्रक्षेपकाची देखभाल करणारी माणसे हीच कथेची पात्रे आहेत. चित्र नाचू लागले की दोष यंत्रात शोधावयाचा, नटात नव्हे, हे अशा माणसांना व्यवसायानेच ठाऊक असते. शास्त्रशुद्ध समीक्षेने किमान तेवढा विवेक बाळगावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, फाळके यांच्या मूकपटांत आज दिसणारी घाई ही मुख्यतः नंतरच्या वेगाची, आणि अडखळ ही मुख्यतः द्विरुक्ती व विषम वाटणीची निष्पत्ती आहे. हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्याचे व हाताने पाडलेल्या छिद्रांचे जे अस्थैर्य उरते, ते त्या काळाची साक्ष म्हणून जपावे. बाकीचे बाजूस सारल्यावर जो हरिश्चंद्र दिसेल, तो कदाचित श्रेष्ठ ठरेल, कदाचित सामान्य ठरेल. पण त्याविषयीचा निर्णय फाळके यांच्या कृतीवर दिलेला असेल, साठ वेळा ताजे होणाऱ्या पडद्याच्या भागाकारावर नव्हे.